टीबीच्या घरात डाळ पोचली तेव्हा



वस्तीत कुणाला टीबी निघाला की पहिले प्रश्न गोळ्यांचे असतात. कुठे मिळतात, किती महिने घ्यायच्या, गरम पडतात का. त्या घरात रोज काय शिजतं, हे कुणी विचारत नाही. दवाखान्यातही क्वचितच विचारलं जातं. या वेळच्या आरोग्य पानावर ज्या अभ्यासाबद्दल सांगणार आहे, तो नेमका या प्रश्नावर झाला आहे. परदेशात नाही, आपल्याच देशात आणि आपल्यासारख्याच हातावर पोट असलेल्या घरांत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो ‘लॅन्सेट’ या जगभर मान असलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोनेक दिवस बातम्या झाल्या आणि विषय मागे पडला. ज्यांच्या उपयोगाचा तो होता, त्यांच्या दारापर्यंत काही आला नाही.

अभ्यासाचं नाव ‘रेशन्स’. लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत, पण शब्द आपल्या रोजच्या ओळखीचा निघाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव हे या कामातले प्रमुख. दोघेही मंगळुरूच्या येनेपोया मेडिकल कॉलेजचे. चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था सोबत होती आणि पाठबळ भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं. काम झालं झारखंडच्या चार जिल्ह्यांत. ज्या घरांत हे झालं त्यातली दोन तृतीयांश माणसं आदिवासी होती: संथाळ, हो, मुंडा, उरांव, भूमिज.

पद्धत समजायला सोपी आहे. थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा टीबी पक्का झालेले २८०० रुग्ण निवडले. ऑगस्ट २०१९ ते जानेवारी २०२१ या काळात ही नोंदणी झाली, म्हणजे मधे टाळेबंदीही येऊन गेली. या सगळ्या रुग्णांना सरकारी औषधं चालूच होती. शिवाय प्रत्येकाला दर महिन्याला १० किलोचा शिधा दिला. त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या. रोजचा हिशोब धरला तर १२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं जास्तीची. एकाही रुग्णाला शिध्याविना ठेवलं नाही. भुकेल्या रुग्णाला मुद्दाम भुकेला ठेवून त्याचं काय होतं ते बघणं माणुसकीला धरून नाही.

फरक केला तो घरातल्या इतर माणसांत. या २८०० रुग्णांच्या घरांत मिळून १०,३४५ माणसं होती: नवरा, बायको, पोरं, सासू-सासरे. टीबी केंद्रांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटातल्या ५६२१ जणांना सहा महिने माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटातले ४७२४ जण नेहमीसारखं, आपलं मिळेल ते खात राहिले. त्यानंतर २०२२ च्या जुलैपर्यंत दोन्हीकडच्या माणसांवर लक्ष ठेवलं. नव्याने टीबी कुणाला होतो, ते बघायचं होतं.

जास्तीचा शिधा मिळालेल्या ५६२१ पैकी ९६ जणांना टीबी झाला. न मिळालेल्या ४७२४ पैकी १२२ जणांना. घराघरांतले इतर फरक हिशोबात धरून संशोधकांनी जे गणित मांडलं, त्यात टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. थुंकीत जंतू सापडणारा फुप्फुसाचा टीबी, म्हणजे जो दुसऱ्याला लागतो तो, ४८ टक्क्यांनी कमी. जवळजवळ निम्मा!

हा आकडा किती मोठा आहे ते कळायला एक तुलना सांगते. टीबीवर मोठ्या माणसांसाठी नवी लस यावी म्हणून जगभर धडपड चालू आहे. बाळाला टोचतात ती बीसीजी मोठेपणी फारशी कामी येत नाही. एम-७२ नावाच्या एका लसीने आधीच्या चाचणीत साधारण ५० टक्के संरक्षण दिलं, तेव्हा मोठी खबर झाली. २०२४ पासून तिची पुढची मोठी चाचणी चालू आहे. लस यावी, लवकर यावी. पण तांदूळ-डाळीने जवळपास तेवढंच करून दाखवलं आणि त्याची खबर झाली नाही. खर्च म्हणाल तर माणशी महिन्याला चार डॉलर, त्या वेळचे साधारण पावणेतीनशे-तीनशे रुपये. रुग्णाचा शिधा तेरा डॉलरचा.

डाळ-भाताने जंतू मरतो का? नाही. जंतू मारायला औषधच लागतं, हे पक्कं ध्यानात ठेवा. शिधा मिळतोय म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. पण टीबीचा जंतू अंगात शिरणं आणि टीबीचा आजार होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत एक जण खोकत असेल तर बाकीच्यांच्या श्वासातून जंतू आत जाणारच. त्याला तुमचा-आमचा इलाज नाही. आत गेलेल्या जंतूभोवती आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गराडा घालतात आणि त्याला तिथेच दाबून ठेवतात. जंतू शिरलेल्या शंभरांपैकी नव्वद-पंचाण्णव जण जन्मभर आजारी पडत नाहीत, ते या पहाऱ्यामुळे. पहारा देणाऱ्या पेशी कशाच्या बनतात? आपण जे खातो त्याच्याच. महिनोन्महिने पोटाला कमी पडलं, त्यातून प्रथिन कमी पडलं, की पहारा ढिला होतो आणि दडून बसलेला जंतू डोकं वर काढतो. मधुमेह, दारू, तंबाखू, एचआयव्ही यांनीही पहारा ढिला होतो. पण भारतात सगळ्यात जास्त माणसांच्या बाबतीत कारण आहे ते कुपोषण.

जंतूचा शोध रॉबर्ट कॉखने १८८२ साली लावला. पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली. पण इंग्लंडमधले टीबीचे मृत्यू त्याच्या कितीतरी आधीपासून घटत आले होते. तिथल्या कामगाराची मजुरी, घर आणि जेवण सुधारलं, त्याचा यात मोठा वाटा मानला जातो. आपल्याकडे औषधं आली, चांगली आली, फुकट आली. ताट मात्र तिथेच राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ साली भारतात २८ लाख माणसांना टीबी झाला. जगातल्या दर चार रुग्णांमागे एक आपला.

आता रुग्णांबद्दल. याच अभ्यासाचा दुसरा भाग ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला आणि तो वाचताना मला जास्त त्रास झाला. उपचार सुरू करताना पुरुष रुग्णांचं सरासरी वजन होतं ४२.६ किलो. बायकांचं ३६.१ किलो. छत्तीस किलो म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या पोरीचं वजन. शंभरातले ८२ रुग्ण कुपोषित. नेहमीचं काम करू शकत होते फक्त ३ टक्के. औषध आणि शिधा दोन्ही मिळाल्यावर उपचार संपेपर्यंत ७५ टक्के रुग्ण कामावर परतले. सहा महिन्यांत वजन सरासरी साडेचार किलोंच्या पुढे वाढलं.

यातली एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी झाला. ५ टक्के म्हणजे किती? चाळीस किलोच्या माणसासाठी दोन किलो. म्हणजे टीबीच्या रुग्णाचं वजन हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. गोळ्या चालू असून दोन महिन्यांत काटा हलला नाही, किंवा वजन उलट उतरलं, तर केंद्रात जाऊन स्पष्ट सांगा. औषध लागू पडतंय का, साखर वाढली आहे का, पोटात अन्न टिकतं का, हे त्यांनी बघायला हवं. तामिळनाडूत २०२२ पासून हे रीतसर होतं. नवा रुग्ण आला की त्याचं वजन-उंची, श्वास, रक्तातला प्राणवायू बघतात, आधाराशिवाय उभं राहता येतं का ते बघतात आणि फार खालावलेला असेल तर आधी दाखल करून घेतात. यात महागडं असं काही नाही. काटा, टेप आणि बोटाला लावायचं यंत्र.

एक मुद्दा बाया लगेच ओळखतील. रुग्णाला शिधा दिला तर तो एकटा खातो का? वॉर्डात काम करत असताना सकाळचं उकडलेलं अंडं पदरात बांधून ठेवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. भेटीच्या वेळी पोरगं आलं की ते त्याच्या हातात. “सिस्टर, मला जात नाही,” असं वर सांगायच्या. त्यांना चांगलं जात होतं. घरी तर विचारूच नका, सगळ्यांची पंगत उठल्यावर भगुण्यात जे उरतं ते तिचं. म्हणून एकट्या रुग्णासाठी शिधा देणं म्हणजे तो पाच जणांत वाटला जाणार, हे गृहीत धरायला हवं. झारखंडच्या अभ्यासाने घरातल्या प्रत्येक माणसाचा वाटा वेगळा मोजून दिला, ही त्याची मला सर्वात पटलेली बाजू आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची एक गोष्ट आहे. भगवान बुद्ध तिथे उपदेशासाठी आले होते. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला, तो शोधण्यात त्याचा दिवस गेला आणि तो उपाशीपोटी, उशिरा सभेत पोचला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितलं. तो जेवून सावरला, मगच उपदेश सुरू झाला. भिक्खूंना याचं नवल वाटलं, तेव्हा तथागतांनी त्यांना समजावलं की भुकेच्या वेदनेत असलेल्या माणसाच्या कानात काही शिरत नाही. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकांत ही गोष्ट असायला हवी होती.

सरकारकडून काय मिळतं ते आता बघू. निक्षय पोषण योजनेतून टीबी रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पैसे मिळतात. २०१८ पासून ते महिन्याला ५०० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. रक्कम थेट बँक खात्यात येते, म्हणून आधार आणि खातं जोडलेलं आहे ना हे पहिल्याच आठवड्यात बघून घ्या. नंतर धावपळ होते. पैसे उशिरा आल्याच्या तक्रारी वस्तीवस्तीत ऐकू येतात, त्यामुळे नोंदणीचा निक्षय क्रमांक लिहून घेऊन जवळ ठेवा. खाजगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी नोंदणी होते आणि हे पैसे मिळतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. हजार रुपये म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. काहीच नसण्यापेक्षा बरे, पण त्यात पाच माणसांची डाळ येत नाही.

‘निक्षय मित्र’ या नावाने संस्था, कंपन्या किंवा कुणीही व्यक्ती रुग्णाला महिन्याचा शिधा देऊ शकते. ही सोय २०२२ पासून आहे आणि २०२४ मध्ये ती रुग्णाच्या घरच्यांसाठीही खुली झाली. झारखंडच्या अभ्यासाचाच हा परिणाम असावा असं मला वाटतं. पण कुणा दात्याच्या मनात येईल तेव्हा मिळणारी डाळ आणि हक्काची डाळ यांत फरक आहे. अन्न सुरक्षा कायद्याने आपल्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो. त्यात तांदूळ आहे, गहू आहे. कायद्याच्या या हक्कात डाळ नाही. अभ्यासातल्या दीड किलो डाळीकडे पुन्हा बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. तामिळनाडूत रेशनवर स्वस्त तूरडाळ वर्षानुवर्षं मिळते, तेव्हा हे जमत नाही असं कुणी सांगू नये. संविधानाच्या कलम ४७ मध्ये लोकांचं पोषण आणि सार्वजनिक आरोग्य उंचावणं हे राज्याच्या प्रमुख कर्तव्यांत घातलेलं आहे. वॉर्डाच्या सभेत, रेशनच्या मोर्चात हे कलम नाव घेऊन सांगायला हरकत नाही.

तोवर घरात काय करता येईल? ‘फळं खा, दूध प्या, बदाम खा’ असं सांगणाऱ्यांना आपल्या घरचं बजेट माहीत नसतं. शेंगदाणे शंभर ग्रॅम घेतले तर त्यात पंचवीस ग्रॅम प्रथिन असतं. फुटाण्यांत वीस-बावीस ग्रॅम. झारखंडात सत्तू पितात, तो भाजलेल्या हरभऱ्याचाच. आपण फुटाणे-गूळ खातो, बिघडलं कुठे? सोयाबीनच्या वड्यांत शंभराला पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिन आहे, भाजीत मूठभर टाकल्या तरी पुष्कळ. एका अंड्यात सहा ग्रॅम. सुकट, जवळा, बोंबील हे तर आपल्या आज्यांचं शहाणपण, थोडक्यात खूप देणारं. रक्तदाब असेल त्याने फक्त खारटपणा धुऊन घ्यावा. टीबीत अंडं-मासळी ‘गरम पडते’ ही समजूत डोक्यातून काढून टाका, तीच तर हवी आहे. आपल्या कित्येक घरांत स्वस्तातलं प्रथिन बैलाच्या मांसातून मिळायचं. २०१५ साली राज्यात त्यावर बंदी आली, तेव्हा गरिबाच्या ताटात त्या जागी काय येणार, हे कुणी विचारलं नाही. ज्या उपासक-उपासिकांनी मांसाहार सोडला आहे, त्यांनी डाळ, चणे, सोया आणि शेंगदाणे वाढवायला विसरू नये. नुसत्या वरणाच्या पाण्यावर भागत नाही.

कुणाचं वजन कमी आहे, हे नजरेने कळत नाही. ‘अंगकाठीच बारीक’ म्हणून आपण सोडून देतो. ढोबळ हिशोब असा: पाच फूट उंचीच्या बाईचं किंवा पुरुषाचं वजन ४३ किलोंच्या खाली असेल, किंवा साडेपाच फुटांच्या जरा आतल्या, १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं ५० किलोंच्या खाली असेल, तर ते कुपोषणात मोडतं. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला रोज माणसं जमतात. तिथे कोपऱ्यात एक वजनकाटा आणि भिंतीवर उंचीची टेप लावली, महिला मंडळाने एक वही घातली आणि महिन्याला एकदा सगळ्यांचं वजन टिपलं, तर उतरती वजनं आपोआप दिसतील. काट्याला एका घराची वर्गणीही लागणार नाही.

घरात टीबीचा रुग्ण असेल तर बाकीच्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, खोकला नसला तरीही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर जे टीबीचं सर्वेक्षण झालं, त्यात छातीचा फोटो काढला नसता तर ४२ टक्क्यांहून जास्त रुग्ण सुटून गेले असते. त्यांना सांगण्यासारखं लक्षणच नव्हतं. तेव्हा ‘मला कुठे काय होतंय’ हे उत्तर पुरत नाही, फोटो मागा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन, मानेला गाठ, थुंकीत रक्त, किंवा मुलाचं वजन न वाढणं, यातलं काहीही असलं तर थुंकीची किंवा डॉक्टर सांगतील ती तपासणी. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या यंत्रांवरची चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि औषधाला दाद न देणारा टीबी आहे का, तेही त्यातच कळतं.

तपासणीत आजार नाही असं ठरलं, तर घरच्यांना प्रतिबंधक औषध मिळतं. २०२१ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ते रुग्णाच्या घरातल्या सर्व वयाच्या माणसांसाठी आहे. काही ठिकाणी आठवड्यातून एकदा असे बारा डोस, काही ठिकाणी सहा महिने रोज एक गोळी. ‘आजार नाही तर औषध कशाला’ म्हणून पुष्कळ जण नाकारतात. दडून बसलेल्या जंतूसाठी ते आहे. कावीळ झालेली असेल किंवा दारू रोजची असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

मुलीला टीबी झाला तर लग्न जमणार नाही, या भीतीने नाव लपवणारी घरं अजून आहेत. लपवल्याने नोंदणी होत नाही, पैसे मिळत नाहीत, घरच्यांची तपासणी होत नाही आणि पुढचा रुग्ण त्याच घरातून निघतो. औषध नीट सुरू झाल्यावर बहुतेकांचा टीबी थोड्याच आठवड्यांत दुसऱ्याला लागेनासा होतो. वेगळं ताट, वेगळा पेला यांची गरज कधीच नव्हती. टीबी हवेतून पसरतो, उष्ट्यातून नाही. ताट वेगळं करणं काय असतं, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

केंद्रात जाताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि घरातल्या सगळ्यांची नावं-वयं लिहिलेला कागद बरोबर न्या. पहिल्या दिवशी रुग्णाचं वजन कार्डावर लिहून घ्या, पुढे दर महिन्याला. गोळ्या जेवणाआधी की नंतर, ते तिथेच विचारून घ्या. निक्षयची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे. पैसे आले नाहीत, औषध संपलं किंवा कुणी तपासणी नाकारली, तर त्यावर तक्रार नोंदवता येते.